बँडसॉ घरात आणताना

बँडसॉचा बराचसा भार वरच्या अंगाला असतो, त्यामुळे हलवताना तो पटकन कलंडतो. टेबलाला धरून तर कधीच उचलू नका. ते बहुधा बिडाचं (ओतीव लोखंडाचं) असतं, आणि बीड वाकत नाही, तडकतं. आधी टेबल आणि मोटर उतरवा. मग पहारीने कड उचलून खाली लोखंडी पाइप सरकवले, की सपाट फरशीवरून तो सावकाश ढकलत नेता येतो. उतारावर मागून दोर हवाच.

जागा ठरवताना मशीनपेक्षा फळी मोजा. आठ फुटी फळी चिरायची, तर पात्याच्या पुढे आठ आणि मागेही आठ फूट मोकळे लागतात. छोट्या खोलीत समोरासमोरची दार-खिडकी इथे फार कामाला येते.

थ्री फेज मोटर घरच्या २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर थेट चालत नाही. ती बदला किंवा जाणकाराकडून व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारं उपकरण) बसवून घ्या. अर्थिंग तपासल्याशिवाय बटण दाबू नका.