खेळयंत्राची निवड आणि चित्रतबकडीचे प्रारूप

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या यंत्रांची निवड ग्राहक केवळ खेळांच्या गुणावगुणांवरून करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत अपुरी आहे. यंत्र खेळाचे असले, तरी त्याचे मोल देणारा पुष्कळदा स्वतः खेळणारा नसतो. हट्ट मुलाचा, पैसा वडीलधाऱ्यांचा आणि दूरचित्रवाणी संच साऱ्या घराचा, अशी ही स्थिती असते. या तिघांचा मेळ ज्या गुणामुळे बसू शकतो, तो म्हणजे त्या यंत्राची चित्रपट दाखविण्याची क्षमता होय. हा गुण केव्हा निर्णायक ठरतो आणि केव्हा निष्प्रभ होतो, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम ‘प्रारूप’ म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. मोडीतील पत्र आणि बाळबोधीतील पत्र यांची भाषा एकच मराठी असू शकते. परंतु ज्याला मोडी येत नाही त्याच्या दृष्टीने पहिले पत्र मुकेच राहते. चित्रतबकड्यांचेही असेच आहे. 1993 मध्ये ठरलेल्या व्हिडिओ सीडीत चित्र एमपेग-1 या पद्धतीने साठविलेले असते व एका तबकडीत सुमारे 74 मिनिटांचा भाग मावतो. म्हणून आपल्याकडील चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत विभागलेला असे. 1996 मध्ये जपानी बाजारात आलेल्या डीव्हीडीने एमपेग-2 ही पद्धती स्वीकारली व एका तबकडीत संपूर्ण चित्रपट बसविला. दोन्ही तबकड्या 12 सेंटिमीटर व्यासाच्या आणि सारख्याच चकचकीत. डोळ्यांना त्यांत भेद दिसत नाही. यंत्राला मात्र दिसतो.

या भेदाचे व्यापारी महत्त्व प्लेस्टेशन-2 या यंत्राने सिद्ध केले. 4 मार्च 2000 रोजी ते जपानमध्ये 39,800 येन किमतीस विक्रीस आले. ही किंमत त्या काळच्या पुष्कळ डीव्हीडी यंत्रांच्या तोडीची होती. घरात डीव्हीडी यंत्र घ्यावयाचेच असेल, तर त्याच पैशात खेळही पदरात पडतात, हा हिशेब कोणत्याही गृहस्थाला पटण्यासारखा होता. प्रतिस्पर्धी ड्रीमकास्टजवळ चांगले खेळ होते, पण डीव्हीडी वाचण्याची सोय नव्हती. 2001 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी आलेल्या गेमक्यूबच्या तबकड्या 8 सेंटिमीटरच्या असल्याने त्यावर चित्रपट पाहता येत नसे, आणि पहिल्या एक्सबॉक्सवर तो पाहण्यासाठी वेगळा दूरनियंत्रक संच विकत घ्यावा लागे. प्लेस्टेशन-2 मात्र पुढे 15 कोटींहून अधिक संख्येने खपले. या यशाचे सारे श्रेय डीव्हीडीला देता येणार नाही, कारण खेळांचे वैपुल्यही त्याच्याच बाजूला होते. परंतु ते यंत्र दिवाणखान्यात शिरले ते या दुहेरी उपयोगाच्या बळावर, असे म्हणावयास हरकत नाही.

आता हाच हिशेब भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा या गावी मांडून पाहावा. तेथील एखाद्या कुटुंबाने त्या वर्षांत असे यंत्र घेण्याचे मनात आणले असते, तर त्याच्यापुढे निराळीच अडचण उभी राहिली असती. आपल्याकडे प्रचार होता तो व्हिडिओ सीडीचा. घरातील लग्नाचे चित्रण, भाड्याने आणलेला चित्रपट, भजन-कीर्तनाची तबकडी, सारे त्याच प्रारूपात. प्लेस्टेशन-2 मध्ये व्हिडिओ सीडी वाचण्याची योजनाच नव्हती. त्याआधीच्या प्लेस्टेशनची व्हिडिओ सीडी दाखविणारी एक पांढरी आवृत्ती आशियाई बाजारासाठी निघाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे ही उणीव अधिकच जाणवते. अमेरिकेतील आप्ताने यंत्र पाठविले, तर आणखी एक अडसर: तेथील डीव्हीडीचा प्रदेशांक 1 व भारताचा 5, शिवाय तेथील चित्रपद्धती एनटीएससी, तर येथील पाल. म्हणजे जपानी गृहस्थाला ज्या गुणाने मोहविले, तो गुण कोंढ्यातील गृहस्थाच्या फारसा कामाचा नव्हता.

येथील बाजाराने या अडचणीवर उलट बाजूने तोडगा काढला. चित्रपट दाखविणारे खेळयंत्र येथे घरोघरी रुजले नाही, तेव्हा खेळ खेळविणारे चित्रपटयंत्र आले. व्हिडिओ सीडी, डीव्हीडी आणि एमपी-3 ही सारी प्रारूपे वाचणाऱ्या स्वस्त यंत्रांबरोबर दोन जॉयस्टिक आणि जुन्या 8-बिट खेळांची एक तबकडी मिळू लागली. खेळ साधेच होते. पण घरातील एकही तबकडी परकी ठरत नव्हती. पुढे 2007 च्या सुमारास मोझर बेअरने व्हिडिओ सीडी 28 रुपयांस व डीव्हीडी 34 रुपयांस विकावयास आणली, तेव्हा अशा सर्ववाचक यंत्राची उपयुक्तता वाढली. लोकभाषेनेही हे नाते आधीच टिपले होते. नव्वदच्या दशकातील खेळयंत्रात घालावयाच्या ठोकळ्यात फीत नसतानाही त्याला ‘कॅसेट’ म्हणत. चित्रपट आणि खेळ ही एकाच जातीची वस्तू, हे लोकांनी नाव देतानाच मानले होते.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. 2006 मध्ये आलेले निन्टेन्डोचे वी हे यंत्र चित्रपटाची तबकडी दाखवीत नसताही 10 कोटींहून अधिक खपले. उलट त्याच वर्षी ब्लू-रे वाचणारे प्लेस्टेशन-3 त्याच्या मागे राहिले. हा आक्षेप नियम मोडीत नाही, त्याची मर्यादा दाखवितो. 2006 पर्यंत पाश्चात्त्य घरांत डीव्हीडी यंत्र पोहोचलेले होते आणि ब्लू-रेची निकड थोड्यांनाच वाटत होती. तेव्हा वाचनक्षमतेचे मोल यंत्रात नसून घराच्या गरजेत असते: जे प्रारूप घरात येऊ पाहत आहे, पण ज्याचे वाचक यंत्र अद्याप घरात नाही, तेच निवडीवर प्रभाव टाकते. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांच्या झगड्यात मात्र प्लेस्टेशन-3 ने ब्लू-रेला घरोघर वाचक मिळवून दिले. एक्सबॉक्स-360 साठी एचडी डीव्हीडीचे यंत्र वेगळे विकत घ्यावे लागत असे. फेब्रुवारी 2008 मध्ये तोशिबाने माघार घेतली.

आज प्रश्नाचे स्वरूप पालटले आहे. 2020 मध्ये प्लेस्टेशन-5 दोन प्रकारांत आले, आणि त्यांपैकी एकात तबकडी घालावयाची जागाच नाही. ज्यात ती आहे तेही व्हिडिओ सीडी वाचीत नाही. मोडीची दप्तरे कपाटात राहिली आणि वाचणारे विरळ झाले, तशीच गत घरोघरच्या लग्नाच्या तबकड्यांची होऊ घातली आहे. म्हणून नवे यंत्र घेताना ‘यात कोणते खेळ आहेत?’ या प्रश्नाच्या जोडीला दुसराही प्रश्न विचारला पाहिजे: आमच्या घरी जे आहे, ते हे यंत्र वाचील काय? उत्तर नकारार्थी आले, तर जुने यंत्र मोडीत काढण्यापूर्वी त्या तबकड्यांची नव्या प्रारूपात नक्कल करून घेणे हेच शहाणपणाचे ठरेल.