नवापूरच्या पुढचा मुलूख

नवापूरचं रेल्वे स्टेशन दोन राज्यांत आहे. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांचं ऑफिस गुजरातेत, आणि फलाटावरच्या एका बाकावर तर हद्दीची रेघच ओढलेली. खान्देशातून सुरतेला संसार थाटायला निघालेली जोडपी याच स्टेशनावरून पुढे जातात. व्यारा, बारडोली, मग सुरतेचं उधना. उधन्याला गोण्या, गॅसची शेगडी, रुखवतातला स्टीलचा डबा असं सगळं उतरवायचं आणि रिक्षात कोंबायचं.

मी अमळनेर तालुक्यातली. लग्न होऊन सुरतेच्या लिंबायतला आले, ती इथलीच झाले. दर लग्नसराईनंतर आमच्या गल्लीत एक-दोन नवी बिऱ्हाडं येतात. अमेरिकेत, जर्मनीत गेलेल्या जोडप्यांच्या पहिल्या दिवसांबद्दल मासिकांतून पुष्कळ वाचायला मिळतं. सुरतेला आलेल्यांबद्दल कोणी लिहीत नाही, कारण हा आपलाच देश, आणि जळगावहून रात्री गाडीत बसलं की सकाळी इथं. पण जिला दुकानावरची पाटी वाचता येत नाही आणि शेजारीण काय विचारते ते कळत नाही, त्या पोरीला हा परमुलूखच.

तसं पाहिलं तर नातं जुनं आहे. ताप्ती व्हॅलीची रेल्वे १९०० सालीच सुरतेहून अमळनेरला पोचली होती, आणि १ मे १९६० पर्यंत सुरत आणि जळगाव एकाच राज्यात होते. पुढे अमळनेरची प्रताप मिल बंद पडली, कोरडवाहू कापसाचा भरवसा राहिला नाही, आणि इकडे सुरतेत साडीचा धंदा वाढत गेला. पोरं निघाली. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत आज अहिराणी सर्रास ऐकू येते. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील इथल्या पोलिसांत शिपाई होते. २००९पासून ते नवसारीचे खासदार आहेत आणि त्या मतदारसंघात लिंबायतही येतं.

खोली बहुधा गाववालाच बघून ठेवतो. दहा बाय दहाची, कोपऱ्यात मोरी, संडास सामाईक. पहिल्या महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट द्यायला नवऱ्याने शेठकडून उचल घेतलेली असते. तो रिंग रोडच्या साडी मार्केटात कटिंग-पॅकिंगला असो की लूमच्या खात्यात, दिवस लांबच. खात्यात पाळी बारा तासांची, सात ते सात. लग्नाला पंधरा दिवस झालेली मुलगी त्या बारा तासांत दार लावून बसते. दुपारी खाली भाजीवाली ओरडते तेव्हा ती गॅलरीत येते आणि परत आत जाते. गावी सासू-नणंदांचा जाच वाटला असेल, पण माणसांची चाहूल तरी होती. इथं भिंतीपलीकडे यंत्र चालतं, त्याची धडधड तेवढी सोबतीला.

अशा पोरीकडे मी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाते. चहा पिते आणि गुजराती वर्तमानपत्राचा एक कागद पुढ्यात ठेवते. अक्षरावरची आडवी रेघ नाही म्हणून ती आधी बावरते. ग, न, म, प, र, त ही अक्षरं रेघ काढली तरी आपलीच राहतात, तेवढ्यावर बोट ठेवायला लावते. क, ख, च, ज, ब, भ वेगळी, ती वहीत दहादा गिरवायची. आकडे जवळजवळ आपलेच. संध्याकाळी तिला कोपऱ्यापर्यंत नेते आणि बसची पाटी वाचून दाखव म्हणते. ज्या दिवशी ती आपलं आपण 'लिंबायत' वाचते, त्या दिवसापासून एकटी बाजाराला जाते. हे मी कितीतरी जणींच्या बाबतीत पाहिलं आहे.

खाण्याचं म्हणाल तर इथल्या वरणात गूळ असतो, त्याची सवय होते. दादर ज्वारीचं पीठ, कळण्याच्या भाकरीचं पीठ इथं मिळतं. पोटाची खरी अडचण रेशनची. ९ ऑगस्ट २०१९ला महाराष्ट्र आणि गुजरात एकमेकांच्या रेशनकार्डांना जोडले गेले. देशात ही सोय सुरू झालेल्या पहिल्या दोन जोड्यांपैकी ही एक. अंत्योदय किंवा प्राधान्य कार्ड असेल तर सुरतेच्या दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. कार्डावरचं थोडं धान्य गावी सासू-सासऱ्यांनी उचलायचं, थोडं इथं, असंही चालतं. प्राधान्य कार्डावर माणशी पाच किलो, आणि जानेवारी २०२३पासून तेही मोफत. पण नवी नवरी इथेच अडते. माहेरच्या कार्डातून तिचं नाव कमी झालेलं असतं आणि सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. लग्नात हजार माणसं जेवून जातात, आणि या एका कामासाठी तहसिलात जायला कोणाला वेळ नसतो. मला याचा फार राग येतो.

पुढे दिवस राहिले तर जवळच्या अंगणवाडीत नाव नोंदवावं; तिथल्या ममता दिवसाला तपासणी आणि लसीकरण होतं, त्याच्या नोंदीचं कार्डही मिळतं. घरबसल्या काम हवं तर साड्यांना खडे चिकटवणं, लेस लावणं, धागे कापणं मिळतं. पैसे नगावर. दर आधी विचारावा आणि नेलेल्या-दिलेल्या साड्या वहीत मांडाव्यात, कारण महिनाअखेरीला हिशेब तोंडी राहिला की बाईचं ऐकत कोणी नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी इथंही आमची खान्देशी देवी कानबाई बसते. अख्खी गल्ली जागते आणि वर्षभर गॅलरीत उभी राहिलेली पोरगी त्या रात्री मध्यभागी बसून गाणी म्हणते. ज्यांच्या गल्लीत खान्देशी घरं नाहीत, त्यांनी तेवढ्यासाठी तरी लिंबायत-डिंडोलीला यावं.

लेकीला सुरतेला धाडणाऱ्या आईबापांना एवढंच सांगणं आहे. आंदण थोडं कमी द्या, पण गाडीत बसवण्याआधी तिचं नाव सासरच्या रेशनकार्डात चढवून घ्या आणि तिचं आधार तिच्याच पिशवीत ठेवा. आणि सुरतेत आधीपासून राहणाऱ्या बायांनो, शेजारी नवं बिऱ्हाड आलं तर पहिल्याच आठवड्यात दार वाजवा.