उपवासातली साखर: दीडशे वर्षांच्या शोधाचा मागोवा

नीरा-भीमेच्या संगमावरच्या नरसिंहपुरात नृसिंह जयंतीला भाविक उपवास धरतात. दुपार टळते, पोटात अन्नाचा कण नसतो, तरी मेंदूला साखर पुरत राहते. ती यकृतातल्या ग्लायकोजेनमधून येते. साठा सुमारे १०० ग्रॅमचा. तो कधी मोडायचा आणि कधी भरायचा हे पेशी कसे ठरवते, ते उलगडायला पिढ्या लागल्या.

१८५७ मध्ये क्लोद बर्नार यांनी यकृतातून ग्लायकोजेन वेगळे काढले. ते मोडणारे फॉस्फोरिलेज हे विकर गर्टी व कार्ल कोरी या दांपत्याने शोधले आणि १९४७ मध्ये नोबेल मिळवले. विकराची दोन रूपे त्यांना दिसली होती, एक कामसू आणि एक सुस्त.

माझ्या मते सगळ्यात सुंदर प्रसंग १९५५ च्या सुमाराचा. सिएटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी स्नायूंचा अर्क सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून स्वच्छ केला, तर हाती सुस्त रूपच आले. कोरींच्या रीतीने गाळणकागदातून गाळला, की कामसू! कागदातल्या कॅल्शियमने आणखी एका विकराला चेतवले होते आणि ते फॉस्फोरिलेजवर फॉस्फेट चढवत होते. फॉस्फेट चढला की काम सुरू, उतरला की बंद. या शोधाला नोबेल मिळाले ते १९९२ मध्ये.

दरम्यान अर्ल सदरलँड यांनी ॲड्रेनलिन आणि ग्लुकागॉन या संप्रेरकांचा साठा मोडण्याचा निरोप पेशीत पोचवणारा चक्रीय एएमपी शोधला. ग्लायकोजेन बांधण्याची वाट मोडण्याच्या वाटेहून निराळी आहे, हे लुई लेलवार यांनी दाखवले. पुढे कळले की बांधणाऱ्या सिंथेज या विकराला तोच फॉस्फेट थांबवतो. नीरा डाव्या कालव्यावर पाणी घेणारा शेतकरी एक बारे फोडताना दुसरे बुजवतो, तसेच हे. नाहीतर बांधलेले लगेच मोडून ऊर्जा वाया गेली असती.

२००५ मध्ये मुंबईच्या आयआयटीतील विवेक मुतालिक आणि के. व्ही. वेंकटेश यांनी हे सारे गणितात मांडले. यकृतातले सिंथेज आणि स्नायूंतले फॉस्फोरिलेज, दोन्ही निरोपाला अतिशय तीव्र प्रतिसाद देतात, पण त्यामागची नियंत्रणाची रचना वेगवेगळी आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडच्या या कामाची दखल मराठीत घ्यायला हवी.

इन्सुलिन यकृताला साठा मोडू देत नाही, त्यामुळे उपवासात साखर उतरू शकते. म्हणून ते टोचून घेणाऱ्यांनी उपवास धरण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा नक्की करून घ्यावी.