खडकीची एकवीस नंबर कंपनी

पुलवामाच्या हल्ल्यानंतर, फेब्रुवारी २०१९ मध्ये, मलकापूरला आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याला दोन जवानांना निरोप द्यायला सारा बुलडाणा जिल्हा लोटला होता. परमुलखात पडलेल्या सैनिकाला असा निरोप क्वचितच मिळतो. २८ ऑक्टोबर १९१४ ही तारीख म्हणूनच कित्येक वर्षं माझा पिच्छा सोडत नाही.

पहिल्या महायुद्धात लढायला लाहोर डिव्हिजन सप्टेंबरअखेरीस मार्सेयला उतरली. खडकीच्या ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’च्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या तिच्यातल्याच. त्यांत मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. दिवाळी नुकतीच सरली होती. फ्रान्समधलं नव्ह-शापेल हे गाव जर्मनांनी घेतलं होतं. ते सोडवायला २८ ऑक्टोबरला ४७ व्या शीख पलटणीबरोबर या दोन कंपन्यांनाही पुढे काढलं.

सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग लावणारा आणि काढणारा, खंदकांचं काम जाणणारा गडी. तो घडायला वर्षं लागतात. त्याला संगीन लावून उघड्या रानातून धाडणं ही माणसांची अक्षम्य उधळपट्टी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही ते गेले, गावात घुसले, गल्लीगल्लीत आणि घराघरांत हातघाईवर आले. कुमक पोचली नाही आणि जर्मनांचा उलटा हल्ला आला. शिखांपैकी २८९ जण चढाईत होते, मागे जमले ते ६८. सॅपर्सचे ब्रिटिश अधिकारी झाडून सारे ठार तरी झाले किंवा जखमी तरी. हेज-सॅडलर, अल्मंड हे तरुण लेफ्टनंट तिथेच पडले. शिपायांपैकी तिसरा हिस्सा कामी आला किंवा घायाळ झाला.

त्या काळी हिंदी माणसाला सॅपर्समध्ये राजाचं कमिशन मिळत नसे. साहेब पडले की कंपनी सांभाळायची ती सुभेदार-हवालदारांनी. सुभेदार मल्ला सिंग यांनी त्या दिवशी ते केलं आणि मिलिटरी क्रॉस मिळवला. या लढाईच्या हकिगतीत मला सर्वांत मोठा वाटतो तो हाच माणूस. अधिकार नसताना सगळी जबाबदारी त्याने उचलली.

७ ऑक्टोबर १९२७ रोजी नव्ह-शापेललाच हिंदी सैन्याच्या स्मारकाचं अनावरण झालं. हर्बर्ट बेकरने त्याची रचना केली. ज्यांना थडगंही लाभलं नाही, अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं त्यावर कोरली आहेत. त्यांच्या घरच्या किती जणांना तिथवर जाता आलं असेल?

याच २१ नंबर कंपनीत १९४१ साली सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत होते. वय २२, आणि आता कमिशन हिंदी माणसाच्या खांद्यावर. अबिसीनियात गोंदारच्या वाटेवर, सर्वांत पुढच्या गाडीत बसून त्यांनी चार दिवसांत ५५ मैलांवरची १५ सुरुंगक्षेत्रं शोधून साफ करून घेतली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची गाडी दोनदा सुरुंगावर उडाली. दोन्ही वेळा ते वाचले, बरोबरच्यांना मात्र झळ बसली. भगतांचं नाव आपण घेतो, ते घ्यायलाच हवं. पण त्या गाड्यांतल्या सॅपर्सची नावंही खडकीच्या प्रत्येक नव्या रंगरुटाला पाठ असायला हवीत.