मुबलक हापुऊची काळजी

हवाई बेटांच्या ओल्या जंगलात माणसाच्या डोक्यावर छत धरणारा हापुऊ हा वृक्षनेचा आज तरी दुर्मीळ नाही. किबोटियम प्रजातीतल्या त्याच्या चारही जाती जगात फक्त याच बेटांवर वाढतात, तरी जंगलात हापुऊ पावलोपावली भेटतो. मग दुर्मीळ झाडे सोडून याच्यासाठी पैसा का खर्चायचा? कारण इतरांचा संसार याच्यावर उभा आहे. ओहिआ हा तिथला मुख्य वृक्ष. त्याची कितीतरी रोपे हापुऊच्या ओलसर खोडावरच रुजतात. एकोणिसाव्या शतकात हापुऊच्या कोंबांवरची सोनेरी लव गाद्या-उशांत भरायला कॅलिफोर्नियाला जाई. लवेचा पार भुगा होतो हे कळल्यावर तो धंदा बसला. रानडुकरांचा धोका मात्र टळलेला नाही. नेच्याच्या खोडात लाकूड नसते, पिठूळ गाभा असतो. डुक्कर खोड पाडून तो फस्त करते आणि पोखरलेल्या खोडात पावसाचे पाणी साचते. त्यात डास होतात. मुळात या बेटांवर डास नव्हतेच, ते 1826च्या सुमारास जहाजातून आले. पुढे त्यांच्यामार्फत पसरलेल्या पक्ष्यांच्या हिवतापाने तिथल्या हनीक्रीपर पक्ष्यांची दाणादाण उडवली. वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर वाढणारे हापुऊचे खोड पडले की त्याची भरपाई व्हायला एक पिढी जाते.

म्हणून जंगलातून डुकरे हटवायला हवीत. यावर स्थानिक शिकाऱ्यांचा आक्षेप वाजवी आहे: डुकरे पॉलिनेशियन पूर्वजांनीच आणली, त्यांच्या मांसावर घरे चालतात. पण कुंपण घालून डुकरे काढायची ती निवडक जंगलातून. बाहेर शिकार चालूच राहते. हवाई ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात अशा कुंपणांआड झाडोरा पुन्हा दाटला आहे. दुसरी सूचना अधिक फसवी आहे: झपाट्याने वाढणारा ऑस्ट्रेलियन वृक्षनेचा लावा, हिरवळीशी मतलब! तो बागांसाठी आणलाच होता, आणि तिथून निसटला. त्याचे बीजाणू वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातात, आणि त्याच्या दाट सावलीत खालची देशी झुडपे गुदमरतात. कुंपण त्याला अडवत नाही, त्यामुळे एकेक रोप शोधून तोडावे लागते. कुंपणावरही वादळात फांद्या कोसळतात, तारा तुटतात. म्हणून उभारणीप्रमाणेच दरवर्षीच्या डागडुजीसाठीही पैसा मागावा लागेल, आणि तो मिळवणेच जास्त अवघड.