पवनचक्कीचा बोजा

पवनचक्कीच्या कर्जाची फाइल उघडली की सुरुवातीची जाडजूड पुरवणी असते वाऱ्याची. माळावर मनोरा उभा करून वर्षभर वाऱ्याचा वेग नोंदलेला असतो आणि त्यावरून किती युनिट निघतील याचा अंदाज बांधलेला असतो. प्रवर्तक ज्या आकड्यावर बोलतो त्याला ‘पी-50’ म्हणतात. म्हणजे तेवढी वीज निघेल किंवा निघणार नाही, दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या. कर्ज देणारा मात्र बोट ठेवतो ‘पी-90’वर: दहातल्या नऊ वेळा निदान एवढी तरी निघेलच, असा आकडा. हा सावधपणा उगाच नाही. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दहा टक्क्यांनी कमी भरला, तर ऊर्जा सत्तावीस टक्क्यांनी घटते. हप्ता मात्र घटत नाही.

कर्ज देणाऱ्या संस्थेच्या वतीने जागा पाहून अहवाल द्यायचा, हे माझं काम. या क्षेत्रातली मोठी सरकारी संस्था म्हणजे ‘इरेडा’, 1987 साली स्थापन झालेली. ती जर्मनी-जपानच्या वित्तसंस्थांकडून, जागतिक बँकेकडून कर्ज घेते; त्यातल्या बऱ्याच कर्जांना भारत सरकार हमी देतं आणि पुढे तोच पैसा प्रकल्पांना मिळतो. म्हणजे पाठबळ सरकारचं असलं तरी फेडायचं ते प्रकल्पानंच. गावात हे सांगून पटत नाही. ‘शासनाचं लोन’ म्हटलं की अनुदान आलं आणि कुणीतरी मधेच खाल्लं, असाच समज होतो.

साधारणपणे सत्तर टक्के कर्ज आणि तीस टक्के प्रवर्तकाची रक्कम असा मेळ असतो. वारा, यंत्र, वीजखरेदीचा करार हे सगळं जुळलं तरी पैसा लगेच सुटत नाही. तो अडतो जमिनीपाशी. पाटण तालुक्यातल्या एका पठारावर मी गेलो, तेव्हा कड्याशी एका यंत्राच्या पायाचा खड्डा खणून तयार होता. लोखंड बांधून झालेलं, काँक्रीट तेवढं थांबलेलं. कारण सातबारा. कब्जेदारांच्या रकान्यात भावकीतली नावं एकाखाली एक. त्यातले दोघे मयत, पण वारसनोंद नाही. एक बहीण मुंबईला. तिनं खरेदीखतावर सही केलेली नाही आणि हक्कसोडपत्रही दिलेलं नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात गावच्या सोसायटीचा पीककर्जाचा बोजा, तोही काही हजारांचाच. आता त्याच जमिनीवर कोट्यवधींच्या कर्जाचा बोजा चढवायचा, तर आधीचा उतरवायला हवा. त्यासाठी सोसायटीचा ‘नो ड्यूज’ लागतो, त्यावरून तलाठ्याकडे फेरफार, आणि मग नोटिशीची मुदत संपेपर्यंत गप्प बसायचं.

“आमच्या सोसायटीपायी तुमचं काम अडलंय व्हय?” मूळ मालकांपैकी एका आजोबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात काळजी कमी आणि समाधान जास्त होतं.

वकिलाच्या शोध अहवालात तीस वर्षांचे व्यवहार तपासलेले असतात. पण बांध कुठे सरकलाय, हे त्या अहवालात दिसत नाही. म्हणून मी मोजणीचा नकाशा घेऊन प्रत्यक्ष खुणा पाहतो. त्या खेपेला पायाचा खड्डा जागेवर होता, पण क्रेन यायचा रस्ता शेजारच्या गटातून जात होता, आणि त्या गटाचा कागदच फाइलमध्ये नव्हता. लांबलचक पाती घेऊन येणाऱ्या ट्रेलरला वळायला जागा हवी; ती दुसऱ्याच्या शेतातली असेल, तर त्याची संमती कर्जाच्या दृष्टीनं पायाच्या जमिनीइतकीच मोलाची. अहवालात मी तसं लिहिलं आणि पुढचा हप्ता रोखला गेला. प्रवर्तकाच्या माणसानं नंतर मला चहासुद्धा विचारला नाही.

वीज सुरू झाल्यावरची व्यवस्था पश्चिम महाराष्ट्रातल्या कुणालाही चटकन कळेल. साखर कारखाना जसा उसाच्या बिलातून सोसायटीची वसुली परस्पर कापून उरलेलं शेतकऱ्याच्या हातात ठेवतो, तसंच इथे. विजेचे पैसे कर्जदात्याच्या देखरेखीखालच्या खात्यात येतात. त्यातून कर, देखभाल, व्याज, मुद्दल या क्रमानं वाटे निघतात आणि उरलंच तर मालकाला. आपल्याकडे वर्षातली निम्म्याहून जास्त वीज जून ते सप्टेंबरात निघते, पण हप्ते बाराही महिने चालू. म्हणून पुढच्या काही हप्त्यांची रक्कम राखीव खात्यात बाजूला ठेवायला लावतात. एप्रिल-मेमध्ये या खात्याकडे पाहिलं की प्रकल्पाची खरी तब्येत कळते.

मला खटकते ती गोष्ट निराळीच. या साऱ्या कागदांत गाव आहे ते जमीन विकणारा म्हणून, फार तर पहारेकरी म्हणून. अमेरिकेत ‘रीप’ या योजनेत शेतकरी आणि ग्रामीण भागातले छोटे व्यावसायिक स्वतः अर्जदार असतात. बँक कर्ज देते, त्यातल्या मोठ्या वाट्याची हमी कृषी खातं घेतं. आपल्याकडे सुरुवातीच्या काळात यंत्रं उभारली ती बहुतेक कारखानदारांनी, आणि त्यातही घसाऱ्यावरच्या करसवलतीकडे बघून. पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळायचा, पुढे तो ऐंशीवर आला, 2017 पासून चाळीस. सवलत पदरात पडली की वीज किती निघते याची मालकाला फिकीर नसायची. त्यापेक्षा कर्जाचा हप्ता बरा; तो निदान यंत्र फिरतं ठेवायला लावतो.

आता त्या जुन्या, छोट्या यंत्रांच्या जागी मोठी बसवायची वेळ आली आहे. केंद्राच्या 2016 च्या धोरणात अशा नूतनीकरणासाठी इरेडाच्या व्याजात पाव टक्क्याची जादा सवलत ठेवली होती. पाव टक्का लहान वाटतो, पण कोट्यवधींवर वर्षानुवर्षं धरला तर रक्कम मोठी होते. अडचण अशी, की उंच यंत्रांमध्ये अंतर जास्त लागतं, पाया नवा लागतो, रस्ता रुंद लागतो. म्हणजे नवे गट, नवी मोजणी, नवी खरेदीखतं. आणि वीस वर्षांपूर्वी ज्यांच्याशी सौदा झाला, त्यांच्या मुला-नातवंडांची नावं सातबारावर अजून चढायचीच आहेत.