मामाचा पिकअप, फाळका आणि फ्लुइड मेकॅनिक्स

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र शंभर टक्के देशी आहे!

मुलुंडला माझा मामा पिकअप चालवतो. पहाटे वाशी मार्केटला भाजी भरायची, ऐरोली पुलावरून मुलुंडला यायचं, मग एलबीएस रोडने भांडुप, घाटकोपरपर्यंत दुकानांत माल टाकायचा. गेल्या सुट्टीत त्याने विचारलं, "काय गं इंजिनीअर, मागचा फाळका उघडा ठेवला तर हवा आरपार जाईल ना? डिझेल वाचेल?"

मी छाती फुगवून म्हटलं, "वाचणारच!"

तिसऱ्याच दिवशी टोमॅटोचा एक क्रेट रस्त्यावर. मागचा बाइकवाला थोडक्यात वाचला. मामा मला एका शब्दाने बोलला नाही, तेच जास्त लागलं. हॉस्टेलला परत आल्यावर पुस्तक उघडलं, तर माझं उत्तरही चूकच निघालं.

त्याचं असं आहे. फाळका बंद असला की केबिनच्या टपावरून आलेली हवा हौद्यात उतरते, फाळक्याला अडते आणि तिथेच गोल गोल फिरत राहते. हौद्यात हवेची जणू एक गादीच तयार होते आणि वरचा प्रवाह तिच्यावरून घसरत मागे जातो. फाळका उघडला की ही गादी मोडते. म्हणजे फायदा तर नाहीच, उलट नुकसान होऊ शकतं.

मग हौद्यावर सपाट झाकण बसवलं तर? अमेरिकेत पिकअपवर असं कव्हर सर्रास दिसतं. त्याने प्रवाह आणखी सुरळीत होतो आणि हवेचा विरोध काही टक्क्यांनी कमी होतो. आपण ५ टक्के धरू. पण मंडळी, हवेचा विरोध ५ टक्के कमी म्हणजे डिझेल ५ टक्के कमी नव्हे! मीही आधी इथेच फसले होते.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. मालासकट गाडी अडीच टन धरून मी हिशेब केला. ताशी ८० किलोमीटरला हवेचा विरोध साधारण ४४० न्यूटन येतो आणि टायरचा २९० च्या आसपास. तिथे झाकणाने ३ टक्के वाचू शकतात. पण ताशी ४० ला हवेचा विरोध उरतो फक्त ११० न्यूटन. टायरचा तेवढाच!

आणि सिग्नल? ४० च्या वेगातली ही गाडी एकदा ब्रेक मारून थांबवली की जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये जळते, तेवढी खायला हवेला जवळजवळ १.४ किलोमीटर लागतात. एलबीएस रोडवर १.४ किलोमीटर न थांबता कोण गेलंय? आपल्या उपनगरात डिझेल हवा खात नाही, ब्रेक खातो.

फॅब्रिकेटरने झाकणाचे १२ हजार सांगितले होते. मामाला रोज ५ लिटर लागतं. १ टक्का वाचला, तरी ५० मिलिलिटर. लिटरला ९० रुपये धरले तर दिवसाला साडेचार रुपये. वर्षाचे ३०० दिवस धंदा धरला तरी पैसे वसूल व्हायला जवळजवळ नऊ वर्षं! शिवाय क्रेट फाळक्याच्या वर जातात, तेव्हा सपाट झाकण बसणार तरी कसं?

म्हणून मामाला नवं उत्तर दिलं. फाळका बंद. माल शक्यतो केबिनच्या उंचीच्या आत. ताडपत्री ताणून बांधायची, कारण फडफडणारी ताडपत्री हवेला उलट जास्तच अडवते. टायरमध्ये हवा बरोबर ठेवायची. पुढे लाल सिग्नल दिसला की आधीच ॲक्सिलरेटर सोडायचा आणि लांब थांबायचं असेल तर इंजिन बंद. रोज नाशिक हायवेने जाणारा असेल, तर त्याने मात्र झाकणाचा हिशेब जरूर करावा.

मामाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे आधी सांगितलं असतंस तर टोमॅटो वाचले असते."

तर मित्रहो, फॉर्म्युला आपल्याला पाठ असतोच. पण कुणाच्या गाडीला लावायच्या आधी त्यात आकडे घालून बघा. व्हायवामध्ये चुकलं तर मार्क जातात, इथे एखाद्याचा जीव गेला असता.